बाईंना विचारा : कपाळावरची चार अक्षरं

या महिन्याच्या टपालात सात पत्रं एकाच विषयावरची निघाली : मुलांचे 'प्रकार' पाडणाऱ्या चाचण्या. कुठे सोळा प्रकार, कुठे चार रंग, तर कुठे बोटांचे ठसे. त्यांतली चार पत्रं घेते. उरलेल्या तिघांनी आपलं उत्तर यातच शोधावं, रागावू नये.

सा. न. वि. वि. बाई, मी एका खासगी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. नोकरीचं तिसरं वर्ष आहे. जूनमध्ये शाळेने बाहेरून प्रशिक्षक बोलावून सगळ्या आठवीची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. संगणकावर साठ प्रश्न, वीस मिनिटं, की प्रत्येक मुलाला चार अक्षरं. ती अक्षरं नावासकट तक्त्यावर लिहून वर्गात लावली आहेत. गट पाडताना 'ई'वाले (एक्स्ट्रोव्हर्ट, म्हणजे बहिर्मुख) आणि 'आय'वाले (इन्ट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख) बघून पाडा, असं आम्हाला सांगितलंय. खरं सांगते, सुरुवातीला मला आवडलं होतं. पण परवा तोंडी परीक्षेला एक मुलगा उठून म्हणाला, 'टीचर, मी आय आहे, मला ओरल देऊ नका.' वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर सुचलं नाही. या चाचणीचा वर्गात खरंच उपयोग होतो, की हे सगळं थोतांड? आमच्या मुख्याध्यापिकांना काय सांगू?
— एक शिक्षिका, पिंपरी-चिंचवड

तू मला बाई म्हटलंस, म्हणून मी सरळ अगंतुगं करते.

आधी त्या पोराचं बघू. मला तो आवडला. या चाचणीचा रोख उपयोग तुमच्या शाळेत सगळ्यांत आधी कोणाला सापडला असेल, तर त्याला. आमच्या वेळी पोरं 'बाई, पोटात दुखतंय' म्हणायची. ती पोटदुखी मधल्या सुट्टीपर्यंत तरी बरी व्हायची. ही चार अक्षरं वर्षभर पुरतात, शिवाय वर शाळेचा शिक्का. त्याला सांग, 'आय असशील तर तयारीला दोन दिवस जास्त घे. वर्गासमोर नको, माझ्या टेबलाशी येऊन एकटा दे. पण द्यायची.' तो मुकाट्याने येईल बघ.

आता थोतांडाचं. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये माणसांच्या मनोवृत्तीचे प्रकार मांडले. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी त्याचीच, बी.एड.ला आपण घोकली ती. त्याची मांडणी वाचून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी चार अक्षरं देणारी मूळ प्रश्नावली तयार केली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत कामाला लागल्या होत्या, त्यांना आपल्या स्वभावाला मानवेल असं काम निवडता यावं, असा इझाबेलचा हेतू. हेतूला नावं ठेवायला मला जागा दिसत नाही. पण मोठ्या माणसाने आपणहून स्वतःकडे बघायला काढलेला आरसा आपण तेरा वर्षांच्या पोरांच्या गळ्यात पाटीसारखा अडकवला, हे काही तिने सांगितलं नव्हतं. नोकरीसाठी माणसं निवडताना ही चाचणी वापरू नका, असं ती चालवणारे स्वतःच सांगतात. आणि इंटरनेटवर फुकट मिळणारे साठ प्रश्न म्हणजे ती मूळ चाचणी नव्हेच.

चाचणीतली खोट कळायला तुला मानसशास्त्र लागणार नाही, दहावीचा निकाल आठव. ३४ गुणांचा मुलगा नापास, ३५चा पास. दोघांत अंतर एका गुणाचं. आणि ३५चा व ९५चा दोघेही 'पास' या एकाच डब्यात. ही चार अक्षरं अशीच पडतात. बरीचशी माणसं पट्टीच्या मधोमध कुठेतरी असतात, मध्ये सुरी फिरवली की शेजारी बसलेली दोन पोरं दोन जातींची होतात. म्हणून तीच चाचणी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा दिली तर कितीतरी जणांचं एखादं अक्षर बदलतं. हवं तर दिवाळीनंतर तुमच्या वर्गाची परत घेऊन बघ आणि तक्ता किती ठिकाणी खोडावा लागतो ते मला कळव.

अभ्यासक मंडळी हल्ली डबे करत नाहीत, पट्टीच ठेवतात. पाच पट्ट्या : नव्याची ओढ, नेटकेपणा किंवा कामाची चाड, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि मनाची अस्वस्थता. यांतली शाळेतल्या यशाशी सगळ्यांत जास्त जुळते ती कामाची चाड. आता मला सांग, कोणत्या पोराला कामाची चाड आहे हे कळायला तुला संगणक लागतो? दप्तर उघडलं की कळतं.

एवढं बोलून झाल्यावर एक कबुली देते. मला या 'प्रकारां'नी एकदा फार मोठी मदत केली आहे.

मी जन्माची बडबडी. १९८४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा माझ्या लेखी हात वर करणारी पोरं हुशार आणि खाली मान घालणारी मठ्ठ, असा सरळ हिशेब होता. पुढे कधीतरी अंतर्मुखांबद्दलचं तेच बी.एड.चं प्रकरण पुन्हा वाचनात आलं. विचार करून मग बोलणारी माणसं, बोलत बोलत विचार करणारी माणसं. तेव्हा लख्ख दिसलं की मी माझा तास माझ्यासारख्यांसाठीच घेतेय. आमच्या चित्रकलेच्या सरांना मी मागच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, जो बोलेल त्याच्या नावापुढे खूण करा. विज्ञानाचा तास, पस्तीस मिनिटं, वर्गात बावन्न पोरं. तासाला बोललेली पोरं निघाली नऊ. त्यांतला एक तर फक्त 'बाई, पाणी पिऊन येऊ?' असं म्हणाला होता, सरांनी त्यालाही खूण केली होती.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतो आणि पुढे सरकतो. तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. फक्त तीन सेकंद! मला ते जमेना. गप्प बसणं हा माझ्यासाठी व्यायामच. शेवटी प्रश्न टाकला की मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल' म्हणायची सवय लावून घेतली. त्यात आणखी एक घातलं : आधी दोन मिनिटं रफ वहीत लिहा, मग शेजाऱ्याला सांगा, मग मला. दिवाळीपर्यंत खुणा एकोणीस-वीसवर गेल्या.

बघ, यात अंतर्मुख कोण, बहिर्मुख कोण, हे मला एकदाही ठरवावं लागलं नाही. थांबले ते सगळ्यांसाठीच थांबले. बडबड्यांचाही फायदा झाला, कारण त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याआधी काही सुचलं. प्रकारांचा उपयोग झाला तो मला माझी खोड दिसायला. मुलांना नावं चिकटवायला सुरुवात केली तेव्हा मात्र माझा पार फज्जा उडाला. तेही सांगते, कारण तक्ता भिंतीवरून का काढायचा ते त्यातूनच कळेल.

१९८७ च्या सुमाराची गोष्ट. शाळा जत तालुक्यातली. पाचवीत एक मुलगा आला. वर्षभर तो माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. मी 'प्रकार' शिकलेली, त्यामुळे खुशीत होते. मठ्ठ न म्हणता मी त्याच्या नोंदीत लिहिलं, 'अंतर्मुख. प्रतिसाद मंद.' केवढी समजूतदार मी! सहावीच्या सरांनी ती नोंद वाचली आणि त्याला प्रश्न विचारणंच बंद केलं. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांच्या नोंदीतही तेच दोन शब्द उतरले.

सातवीत तो पुन्हा माझ्या वर्गात आला. एका दुपारी मी पाण्याच्या टाकीकडे गेले, तर हा पोरगा आमच्या शिपाईमामांना हातवारे करून काहीतरी सांगतोय, मामा हसून हसून खाली बसलेत. सगळं कन्नडमध्ये. मी तोंडाचा आ करून उभी. मामा म्हणाले, 'बाई, ह्यो लई बोलतोय की. तुम्ही मराठीत इचारता, म्हनून गप ऱ्हातोय.' चौथीपर्यंत तो त्याच्या गावात कन्नड शाळेत शिकला होता. आमच्या तालुक्यात कन्नड शाळा आहेत, हे मला माहीत होतं. त्याचा दाखला माझ्याच कपाटात होता, दाखल्यावर माध्यम लिहिलेलं होतं. मी तो वाचला नव्हता. वाचायची गरजच पडली नाही, कारण माझ्याकडे शब्द तयार होता.

त्याला दोन्ही भाषा येणाऱ्या एका पोराशेजारी बसवला, बाकी काही विशेष केलं नाही. आठवीत वर्गात फार बडबड करतो म्हणून मीच त्याला उभं केलं होतं.

तेव्हापासून मी एक क्रम पाळला. मूल गप्प दिसलं की स्वभावाचा विचार सगळ्यांत शेवटी. त्याआधी : फळा दिसतो का, दोन्ही कानांनी ऐकू येतं का, घरात कोणती भाषा बोलतात, सकाळी काही खाऊन आलंय का, बाकावर शेजारी कोण बसतं आणि ते चिमटे तर काढत नाही ना. या सगळ्यातून पार पडून मूल तरीही गप्प असेल, तर मग म्हणा स्वभाव. फार थोडी मुलं तिथवर पोचतात.

मुख्याध्यापिकांशी भांडू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या शिक्षिकेने 'हे थोतांड आहे' म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नाही. दोन मागण्या कर. एक, तक्ता वर्गातून काढून कपाटात ठेवू द्या. मुलांची खासगी माहिती भिंतीवर नको, हे कारण पुरेसं आहे आणि खरंही आहे. दोन, तीच चाचणी एकदा शिक्षकांची घ्या आणि आपली अक्षरं घेऊन बसून, आपण तास कोणासाठी घेतो यावर अर्धा तास बोलू या. फी भरलेलीच आहे, तर वसूल होऊ दे.

नमस्कार बाई, आमचा मुलगा चौथीत आहे. एका शिबिरात त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन चाळीस पानी अहवाल दिला. साडेचार हजार रुपये घेतले. त्यात तो 'उजव्या मेंदूचा' आहे, कलेकडे कल आहे, गणितात पुढे नेऊ नका, असं लिहिलंय. अहवालातलं स्वभाववर्णन अगदी तंतोतंत जुळतं, म्हणून भीती वाटते. आता त्याची गणिताची शिकवणी बंद करू का?
— एक आई, नाशिक

शिकवणी बंद करायची असेल तर खुशाल करा, चौथीला शिकवणी कशाला? पण या अहवालावरून नको.

बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. बदलत नाहीत म्हणूनच त्या पोलिसांना आणि आधार कार्डाला चालतात. जूनमध्ये ज्याला हातचा घेऊन वजाबाकी येत नव्हती आणि सप्टेंबरमध्ये यायला लागली, त्या मुलाच्या बोटांत काय फरक पडला? उजवा मेंदू कलेचा आणि डावा गणिताचा, अशी वाटणीही कोणाच्या डोक्यात झालेली नसते. कोणतंही काम करताना दोन्ही बाजू राबतात. अहवालात हॉवर्ड गार्डनर यांचं नाव असेलच. त्यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली, हे खरं. पण त्या मांडणीत बोटांच्या ठशांना कुठेही जागा नाही. देवळाबाहेर बसून देवाच्या नावाने पावत्या फाडण्यातला हा प्रकार.

राहिलं 'तंतोतंत जुळतं' याचं. बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा अहवाल' म्हणून कागद दिला. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी पडली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. हे १९४९ मध्ये छापून आलं.

मी हा चावटपणा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत करून पाहिला आहे. बावीस शिक्षक, बावीस बंद पाकिटं, वर प्रत्येकाचं नाव. आत एकच मजकूर : 'तुम्ही वरून कडक वाटता, पण आतून हळवे आहात. तुमच्या कष्टांची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. ठरवलंत तर तुम्ही खूप काही करू शकता, पण परिस्थिती आड येते.' वाचून एका गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजाऱ्याशी पाकीट बदला म्हटल्यावर ते माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. दखल न घेतली गेलेला शिक्षक हा एक प्रकारच नव्हे, ती आमची जातच आहे, हे त्यांना मागाहून पटलं.

तेव्हा पैसे गेले असं समजा. अहवाल मुलाला वाचून दाखवू नका, एवढंच मनापासून सांगते. दाखवला असेल तर त्याच्या देखत रद्दीत घाला आणि रद्दीचे किती पैसे झाले ते त्यालाच मोजायला सांगा. दहावीनंतरचा मार्ग ठरवताना कल आणि अभिक्षमता तपासणाऱ्या चाचण्यांचा आधार घेता येतो. पण तेव्हाही मुलाशी समोर बसून बोलणारा मानसशास्त्राचा जाणकार हवा. चौथीच्या मुलाला मात्र खेळू द्या.

बाई, मी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, शिवाय व्यक्तिमत्त्व गुणविशेष. खोटं कशाला बोलू, व्हॉट्सअॅपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते, त्यातल्या उतरवतो. 'शांत स्वभावाचा आहे', 'नेतृत्वगुण आहेत', 'मित्रांना मदत करतो'. लिहिताना लाज वाटते. व्यक्तिमत्त्वाचे प्रकार नीट शिकून घेतले तर नोंदी खऱ्या होतील का?
— एक गुरुजी, यवतमाळ जिल्हा

गुरुजी, लाज वाटते हे वाचून बरं वाटलं. माझ्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत मी पण उतरवल्या आहेत त्या नोंदी. २०१० मध्ये ही पद्धत आली तेव्हा मी हौसेने सुरुवात केली होती. पहिल्या सत्रात चाळीस मुलांच्या चाळीस वेगळ्या नोंदी. दुसऱ्या सत्रात 'शांत स्वभावाची', 'शांत स्वभावाचा' आणि खाली नुसती '〃' अशी खूण.

प्रकार शिकून नोंदी खऱ्या होणार नाहीत, उलट आणखी गुळगुळीत होतील. तुमची अडचण शब्दांची नाही, विशेषणांची आहे. विशेषण लिहिलं की पाहणं संपतं. त्याऐवजी तारीख आणि क्रियापद लिहा. 'नेतृत्वगुण आहेत' यापेक्षा 'पोषण आहाराच्या वेळी पहिलीच्या मुलांच्या ताटल्या हिनेच आधी भरून घेतल्या, कोणी सांगितलं नव्हतं'. 'एकलकोंडा' यापेक्षा 'कबड्डीला आला नाही. चिंचेखाली मुंग्यांचं वारूळ बघत बसला, विचारल्यावर दहा मिनिटं सांगत होता'. बी.एड., डी.एड.ला याला प्रासंगिक नोंद म्हणतात. परीक्षेत पाच गुणांना यायची, म्हणून आपण ती विसरलो. सगळ्या मुलांची रोज नको, मरून जाल. दिवसाला दोन मुलं. परिपाठाच्या वेळीच ठरवायचं, आज हे दोघे. खिशात छोटी डायरी, संध्याकाळी दोन ओळी. तुमच्या शाळेत पट चाळीसच्या आत असेल तर महिन्यात सगळी मुलं एकदा होतात.

वर्षअखेर या नोंदी एकाखाली एक वाचा, मग 'स्वभाव' हा शब्द किती फसवा आहे ते दिसेल. अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी हजारो मुलांना फसवायची संधी मिळेल असे साधे प्रसंग रचून पाहिले : कुठे उत्तरं बदलायची, कुठे घरी केलेल्या कामात मदत घेऊन ती लपवायची. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन कळप काही निघाले नाहीत. इथे फसवणारं पोर तिथे सरळ वागत होतं. आपल्याकडेही बघा ना. गणिताच्या पेपरात शेजाऱ्याचं बघणारा मुलगा दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पाच रुपये परत करून येतो. त्याच्या गुणविशेषात काय लिहाल?

लिहिलेलं पुढच्या शिक्षकाच्या डोळ्यांत जाऊन बसतं, हे मी वर कन्नड मुलाच्या गोष्टीत सांगितलंच. याच्या उलटही होतं. रोझेंथाल आणि जेकबसन या अमेरिकन अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातल्या साउथ सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, चाचणीनुसार ही मुलं यंदा झेप घेणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं बुद्धिमापनात बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेली दिसली. हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यावर बरीच भांडणं झाली, परिणाम एवढा मोठा नसतो असंही पुष्कळांनी दाखवलं. मी पण त्याला जादू समजत नाही. तरी पहिलीच्या वर्गात तुम्ही काय लिहिता, याला जरा जपा.

माणसांची लक्षणं लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं दिली, पढतमूर्खाचीही दिली. पण ती लक्षणं सांगितली कशासाठी, तर 'त्यागार्थ'. हा त्यांचाच शब्द. ऐकणाऱ्याने ती स्वतःत शोधावीत आणि टाकावीत. गावातल्या कोणाकोणाला मूर्ख म्हणायचं याची ती यादी नव्हती.

एक शेवटचं साधन सांगते, कागद आणि पेन्सिल पुरेल. तिसरी-चौथीच्या मुलांना एकेकट्याला विचारा, सहलीला गाडीत तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? दोन नावं. मग कागदावर सगळ्यांची नावं गोल मांडून बाण काढा. याला समाजालेख म्हणतात, मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेली ही पद्धत. ज्या नावाकडे एकही बाण येत नाही, ते मूल तुमचं पुढच्या महिन्याचं काम. तो कागद कोणाला दाखवू नका, तुमच्या सहशिक्षकाशिवाय. आणि दिवाळीनंतर मजुरीसाठी स्थलांतर करणारी घरं तुमच्याकडे असतील, तर ती मुलं परत आल्यावर बाण पुन्हा काढा. परत आलेल्या मुलाची जागा बऱ्याचदा भरून गेलेली असते.

पीडीएफचं म्हणाल, तर तपासणीच्या आठवड्यात ती वापरलीत म्हणून मी काही तुम्हाला पापी म्हणणार नाही.

प्रिय बाई, मी दहावीत आहे. मी अंतर्मुख आहे, दोन टेस्टमध्ये तेच आलं. आमच्या मराठीच्या बाई मला सारखं उभं करून प्रश्न विचारतात. मला येत असतं पण बोलताच येत नाही. घरी आल्यावर रडू येतं. मी इन्ट्रोव्हर्ट आहे हे त्यांना कसं सांगू?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा

(छापताना हे पत्र मी फार कमी केलंय, हिची परवानगी घेऊन.)

बाळ, तो शब्द त्यांना सांगूच नकोस. 'मी इन्ट्रोव्हर्ट आहे' ऐकून त्यांना पुढे काय करायचं ते कळणार नाही. कदाचित त्या म्हणतील, 'मग तर तुला जास्तच बोलतं करायला हवं,' आणि दिवसातून तीनदा उभं करतील. त्या वाईट नाहीत. माझ्यासारख्या असतील, बडबड्या. त्यांना वाटतं, बोललं की बरं वाटतं, कारण त्यांना वाटतं.

तुला काय हवंय तेवढंच सांग. 'बाई, मला प्रश्न आदल्या दिवशी सांगाल का?' किंवा 'उत्तर आधी वहीत लिहून मग वाचून दाखवलं तर चालेल का?' वाचून दाखवणं हेही बोलणंच असतं. महिनाभराने वही खाली ठेवावीशी वाटली तर ठेव, नाही वाटली तर नको. आणि बोलताना छाती धडधडून श्वास अडकत असेल, आदल्या रात्री झोप येत नसेल, तर ते अंतर्मुख असण्यापेक्षा वेगळं आहे. मग आईला सोबत घेऊन डॉक्टरांशी बोल, लाजू नकोस.

समोर जाऊन हे सांगणंही जमणार नाही, असं तू लिहिलंयस. तुझं पत्र पाच पानांचं होतं, पाठपोट. मी ते पोस्टाने तुला परत पाठवलं आहे. तिसऱ्या पानावर, कवितेच्या तासाला तुला काय सुचलं होतं आणि ते सांगायचं कसं राहून गेलं, ते तू लिहिलंयस. तेवढं पान वेगळं काढून उद्या बाईंच्या टेबलावर ठेव. पाकीट मी आत घातलं आहे.